न ऐकलेला पुरावा

२३ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी अमेरिकेच्या संघीय मृत्युदंडाच्या रांगेतील ४० पैकी ३७ कैद्यांची शिक्षा पॅरोलविना, म्हणजे मुदतीआधी सुटकेची वाट नसलेल्या, आजन्म कारावासात बदलली. त्या यादीत व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराच्या एका अमली पदार्थ टोळीतली दोन नावे होती : रिचर्ड टिप्टन आणि जेम्स रोन. १९९३ साली या दोघांसोबत एकाच खटल्यात, एकाच ज्युरीसमोर उभा राहिलेला तिसरा आरोपी कोरी जॉन्सन त्या यादीत असणे शक्यच नव्हते. १४ जानेवारी २०२१ च्या रात्री, बायडन यांच्या शपथविधीला सहा दिवस उरले असताना, इंडियाना राज्यातील टेरे होट येथील तुरुंगात विषारी इंजेक्शन देऊन त्याच्या शिक्षेची अंमलबजावणी झाली होती.

त्या ३७ शिक्षांवरून सुरू झालेला वाद अजून शमलेला नाही. २० जानेवारी २०२५ ला, पदभार घेतला त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मृत्युदंड पुन्हा जोमाने अमलात आणण्याचा आदेश काढला आणि वादाला आणखी धार चढली. एक बाजू प्रेतांची संख्या मोजते आणि विचारते की इतकी माणसे मारणाऱ्यांवर दया कशासाठी. दुसरी बाजू मृत्युदंड ही मुळातच रानटी शिक्षा आहे असे सांगते आणि प्रत्येक कैद्याच्या दुःखी बालपणाची कहाणी पुढे ठेवते. दोन्ही बाजू खरे बोलत असल्या, तरी माझ्या मते दोघींचेही वाद घालणे चुकीच्या जागी चालले आहे. जॉन्सनने माणसे मारली की नाही, हा प्रश्न कधीच वादात नव्हता. त्याच्याबद्दल कळवळा वाटावा की संताप, हाही न्यायालयाने ठरवायचा प्रश्न नव्हे. खरा प्रश्न त्याहून लहान आणि त्याहून कठोर आहे : ज्या कायद्याखाली त्याला मृत्युदंड झाला, त्याच कायद्याने ज्या व्यक्तींवर ही शिक्षा अमलात आणायला मनाई केली होती, त्यांत तो मोडत होता का? या प्रश्नावर साक्षीदार बोलावून, तज्ज्ञांची उलटतपासणी घेऊन पूर्ण सुनावणी एकदाही झाली नाही. उलटवता न येणारी शिक्षा देणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला ही त्रुटी झाकता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि मृत्युदंडाच्या बाजूने असलेल्या माणसालाही हे म्हणणे मान्य करता यायला हवे.

आधी गुन्ह्याकडे पाहू, कारण तो बाजूला सारून मांडलेला कोणताही युक्तिवाद प्रामाणिक ठरणार नाही. १९९१-९२ च्या सुमारास रिचमंडच्या न्यूटाउन भागात क्रॅक कोकेन (ओढण्यासाठी बनवलेले खड्यांच्या रूपातले कोकेन) विकणारी ही टोळी फोफावली. १९९२ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत, अवघ्या दीड महिन्यात, तिने किमान दहा माणसे मारली. कोणी प्रतिस्पर्धी विक्रेता होता, कोणी पोलिसांना माहिती देतो असा नुसता संशय होता, तर कोणी मालाचे पैसे दिले नव्हते. जॉन्सनवर सात खून सिद्ध झाले. त्यांतल्या एका घटनेत क्रॅकचे पैसे थकवणाऱ्या माणसाबरोबर त्याची बहीण आणि आणखी एक ओळखीचा माणूसही गोळ्यांना बळी पडला. त्या दोघांचा टोळीच्या हिशेबाशी काडीचा संबंध नव्हता, ती दोघे त्या वेळी तिथे होती इतकेच. हे वाचून ज्याचे रक्त तापत नाही, त्याने न्यायावर बोलू नये.

ज्या कायद्याने ही शिक्षा दिली, त्याचाही इतिहास येथे महत्त्वाचा आहे. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाचे मृत्युदंडाचे कायदे रद्द केले. पुढे राज्यांनी नवे कायदे करून घेतले, पण संघीय पातळीवर ही शिक्षा खऱ्या अर्थाने परत आली ती १९८८ साली, अमली पदार्थविरोधी कायद्याच्या रूपाने. क्रॅकच्या लाटेने शहरे भयभीत झाली होती. त्याच भयातून दोन वर्षे आधी, १९८६ साली, पाच ग्रॅम क्रॅकला पाचशे ग्रॅम भुकटी कोकेनइतकीच किमान शिक्षा ठरवणारा कायदा झाला होता. शंभरास एक हे प्रमाण २०१० साली अठरास एकवर आणावे लागले, आणि मूळ प्रमाणाला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता हे आज जवळपास सर्वमान्य आहे. १९८८ च्या कायद्याला लोकांनी ‘ड्रग किंगपिन’ कायदा असे नाव दिले, म्हणजे धंद्याच्या सूत्रधारांना मारण्याचा कायदा. परंतु त्या भयाच्या काळातही अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, या कायद्यात एक वाक्य घातले होते, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या वाक्यावर उभा आहे : जी व्यक्ती मतिमंद आहे, तिच्यावर मृत्युदंडाची अंमलबजावणी केली जाणार नाही. तेव्हाचा शब्द मतिमंद होता, आज आपण बौद्धिक अपंगत्व म्हणतो. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींना मृत्युदंडातून वगळण्याची सक्ती राज्यघटना करत नाही असा निकाल दिला आणि ती भूमिका बदलायला २००२ साल उजाडले. म्हणजे न्यायालयाला जे चौदा वर्षांनी पटले, ते अमली पदार्थांवर सर्वाधिक कठोर असलेल्या कायदेमंडळाने आधीच लिहून ठेवले होते. १९९४ च्या संघीय मृत्युदंड कायद्यातही ते वाक्य कायम राहिले.

वाक्यातले क्रियापद नीट पाहा. ‘शिक्षा सुनावली जाणार नाही’ असे ते म्हणत नाही, ‘अमलात आणली जाणार नाही’ असे म्हणते. त्यामुळे ज्या दिवशी अंमलबजावणी होणार, त्या दिवशी समोरची व्यक्ती कोण आहे हे पाहण्याचे बंधन सरकारवर येते, असा जॉन्सनच्या वकिलांचा युक्तिवाद होता. न्यायालयांनी तो स्वीकारला नाही. मला मात्र कायद्याच्या साध्या वाचनात याहून वेगळा अर्थ सापडत नाही.

आता पुरावा. जॉन्सनचा जन्म १९६८ चा, न्यूयॉर्कचा. आई व्यसनाधीन होती, आणि तेराव्या वर्षी तिने त्याला सांभाळगृहाच्या स्वाधीन केले. शाळेत प्राथमिक वर्ग त्याला पुन्हा पुन्हा करावे लागले आणि सज्ञान होईपर्यंत त्याचे वाचन-लेखन प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या पुढे गेले नव्हते. १९९३ साली शिक्षा ठरवण्याच्या टप्प्यात बचाव पक्षाच्या मानसशास्त्रज्ञाने त्याचा बुद्ध्यंक ७७ असल्याचे सांगितले, म्हणजे तेव्हा मानल्या जाणाऱ्या मर्यादेच्या किंचित वर. तेव्हापासून २०२१ पर्यंत या माणसाचे जगणे-मरणे जणू त्या एका आकड्याला बांधले गेले. बुद्ध्यंक चाचण्या दर काही वर्षांनी नव्याने प्रमाणित कराव्या लागतात, कारण लोकसंख्येची सरासरी हळूहळू वर सरकत राहते. जुन्या प्रमाणावर घेतलेली चाचणी म्हणूनच दर दशकामागे सुमारे तीन अंकांनी फुगलेली असते. याशिवाय प्रत्येक चाचणीत पाच-एक अंक इकडे-तिकडे होण्याची शक्यता धरली जाते. हे दोन्ही हिशेब लावले की ७७ हा आकडा मर्यादेच्या आत येतो. २०१४ साली फ्लोरिडातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की ७० या आकड्यावर कुंपण घालून त्यापलीकडचा पुरावा पाहायचाच नाही, असे राज्यांना करता येणार नाही, कारण बुद्ध्यंक ही एक श्रेणी आहे. जॉन्सनच्या वकिलांनी नव्या तज्ज्ञांची मते, शाळेचे आणि सांभाळगृहाचे दप्तर, त्याला लहानपणी ओळखणाऱ्यांची कथने गोळा केली. ते सगळे कागदावर राहिले.

विरोधी बाजूचे म्हणणे मला येथे पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे, हा मुद्दा कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. १९९३ च्या ज्युरीने तो आकडा ऐकला होता, आणि २००४ साली अपील न्यायालयाने कागदपत्रांवरून हा दावा पाहून ७७ च्या आधारे तो फेटाळला होता. दुसरे, सरकारी पक्षाचे म्हणणे असे होते की हे खून धंदा वाढवण्यासाठी ठरवून केलेले होते, क्षणिक आवेगाचे नव्हते, आणि असा बेत रचणाऱ्याला अक्षम कसे म्हणायचे? तिसरे, बळी गेलेल्यांच्या कुटुंबांनी एकोणतीस वर्षे वाट पाहिली. दर अपिलागणिक त्यांची जखम उघडी होते, आणि शेवट नसलेला खटला हाही त्यांच्यावर एक अन्यायच आहे. चौथे म्हणणे मला सर्वांत वजनदार वाटते. अमली पदार्थांचा धंदा साक्षीदारांना मारून जिवंत राहतो. जो माणूस साक्ष दिल्याच्या संशयावरून गोळी घालतो, त्याला राज्यसंस्थेने सर्वांत कडक उत्तर दिले नाही, तर पुढच्या वेळी गल्लीतला कोणता साक्षीदार तोंड उघडेल?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. साक्षीदाराला संरक्षण हवेच, यात दुमत नाही. परंतु ते संरक्षण मारेकरी बाहेर न येण्यातून मिळते आणि तो लवकर पकडला जाण्यातून मिळते. संघीय कायद्यात पॅरोल नाही, आणि कोलोरॅडोतील फ्लॉरेन्स येथील कडेकोट तुरुंगासारख्या जागा नेमक्या टोळीप्रमुखांसाठी उभारलेल्या आहेत. टिप्टन आणि रोन आता मरेपर्यंत तुरुंगातच राहणार आहेत. १९९२ साली रिचमंडच्या रस्त्यावर बंदूक उचलणाऱ्याला २०२१ साली होणाऱ्या शिक्षेची दहशत बसली असेल, असे कोणाला गंभीरपणे म्हणता येईल का? आणि दहशतीचा युक्तिवाद मान्य केला, तरी बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला मारल्याने सक्षम माणसाला वेगळा धाक बसत नाही. २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच कारण दिले होते. तो निकालही व्हर्जिनियातल्याच एका खटल्यातून आला होता.

बेत रचणारा अक्षम कसा, हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो बौद्धिक अपंगत्वाबद्दलच्या लोकसमजुतीवर उभा आहे. आपल्या मनात या अपंगत्वाचे एक ठरलेले चित्र असते, आणि माणूस त्या चित्रात बसला नाही की आपण त्याला शहाणा ठरवतो. वैद्यकशास्त्र मात्र माणसाला काय जमते याची यादी करत नाही. रोजच्या जगण्यात त्याला काय जमत नाही, आणि हे लहानपणापासून तसेच आहे का, हे ते पाहते. २०१७ साली टेक्सासमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा लोकसमजुतीवर आधारलेले निकष मोडीत काढले. सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे नोकऱ्या करतात, गाडी चालवतात, आणि वाईट संगतीत सापडली तर गुन्हेही करतात. टोळीत सांगितलेले काम करणारा, मोठ्यांच्या नजरेत भरण्यासाठी सर्वांत पुढे धावणारा तरुण आणि टोळीचा मेंदू यांत फरक असतो. जॉन्सन यांतला कोण होता, हे मी येथे बसून ठरवू शकत नाही. सरकारी वकिलालाही ते एका निवेदनात ठरवता येणार नाही. ठरवण्याची जागा सुनावणी ही होती.

आणि तेथेच १९९६ चा कायदा आडवा येतो. ओक्लाहोमा सिटीतील स्फोटानंतरच्या संतप्त वातावरणात, ‘दहशतवादविरोध आणि परिणामकारक मृत्युदंड’ अशा नावाचा हा कायदा संमत झाला. त्याने शिक्षेनंतरच्या अर्जांवर कडक कुंपणे घातली : पहिल्या अर्जाला एका वर्षाची मुदत, आणि दुसरा अर्ज करायचा तर जवळपास दोनच वाटा. एक तर असा नवा पुरावा हवा की ज्यामुळे कोणत्याही शहाण्या ज्युरीने दोषी धरलेच नसते, किंवा सर्वोच्च न्यायालयाने मागील प्रकरणांनाही लागू केलेला नवा घटनात्मक नियम हवा. जॉन्सन दोषी होता, त्यामुळे पहिली वाट बंद होती. विज्ञान बदलले, निदानाचे निकष बदलले, २०१४ आणि २०१७ चे निकाल आले, पण ते मागील प्रकरणांना लागू होतील असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले नव्हते, त्यामुळे दुसरीही बंद. ‘मी हे केले नाही’ म्हणणाऱ्याला निदान एक फट आहे. ‘मी केले, पण कायद्यानेच मला मारायला मनाई केली आहे’ असे म्हणणाऱ्याला फट नाही. हा दोष एखाद्या न्यायाधीशाच्या मनाचा नव्हे, तो कायद्याच्या रचनेतच आहे, आणि म्हणूनच तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

या रचनेचे काय होते, ते त्याच तुरुंगातल्या दुसऱ्या कैद्याच्या प्रकरणात दिसते. १९९४ साली टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे गांजाच्या व्यवहारात फसवणूक झाल्याच्या रागातून एका टोळीने विक्रेत्यांच्या सोळा वर्षांच्या बहिणीचे अपहरण केले, तिला अर्कान्सामध्ये नेले, तिच्यावर अत्याचार केले आणि तिला जिवंत पुरले. याहून भीषण गुन्हा कल्पनेतही आणवत नाही. ऑर्लँडो हॉल आणि ब्रूस वेब्स्टर या दोघांना मृत्युदंड झाला. हॉलची शिक्षा १९ नोव्हेंबर २०२० रोजी अमलात आली. वेब्स्टरच्या खटल्यात सरकारी पक्षाने तो अपंगत्वाचे सोंग करतो असे सांगितले होते. मात्र अनेक वर्षांनी सामाजिक सुरक्षा कार्यालयाचे जुने कागद हाती आले. गुन्ह्याच्या सुमारे वर्षभर आधी, सोंग करण्याचे काही कारणच नसताना, सरकारी डॉक्टरांनी त्याला बौद्धिक अपंगत्व असल्याची नोंद केली होती. शिकागो येथील सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २०१५ साली अपवादाची वाट उघडली, सुनावणी झाली, साक्षी झाल्या, आणि २०१९ साली न्यायाधीशांनी त्याचा मृत्युदंड रद्द केला. त्याने केलेला गुन्हा त्यामुळे कणभरही लहान झाला नाही, आणि तो तुरुंगातून सुटलाही नाही. एका माणसाचे कागद एका कार्यालयात सापडले, दुसऱ्याचे पुरावे निराळ्या खोक्यात होते. एकाची दखल शिकागोच्या अपील न्यायालयाने घेतली, दुसऱ्याचे दार रिचमंडच्या अपील न्यायालयात बंद झाले. जॉन्सनच्या बाबतीत पूर्ण पीठापुढे फेरसुनावणी घ्यावी की नाही, यावर मतदान झाले तेव्हा आठ न्यायाधीश नको म्हणाले आणि सात हवी म्हणाले. दरम्यान २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने वेब्स्टरला मिळालेली ती अपवादाची वाटही फार अरुंद करून टाकली.

किंगपिन कायद्याचा पहिला अनुभवही असाच होता. त्याखाली १९९१ साली सर्वांत आधी मृत्युदंड झालेला माणूस अलाबामातला एक गांजा पिकवणारा, डेव्हिड रोनाल्ड चँडलर. ज्याच्या साक्षीवर खुनाची सुपारी दिल्याचे सिद्ध झाले, त्या साक्षीदारानेच पुढे आपली साक्ष फिरवली, आणि २० जानेवारी २००१ रोजी, कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती शिक्षा बदलली. त्याच कायद्याखाली टेक्सासमधून दोषी ठरलेला हुआन राउल गार्झा १९ जून २००१ रोजी मारला गेला. मधल्या काळात न्याय विभागाच्याच पाहणीत दिसले होते की मृत्युदंडासाठी वर पाठवलेल्या आरोपींपैकी सुमारे ८० टक्के अल्पसंख्य समाजांतले होते. चँडलर, गार्झा आणि जॉन्सन ही एकाच कायद्याखालची तीन माणसे आहेत, आणि तिघांचेही भवितव्य बरेचसे तारखांनी ठरवले आहे.

आपल्याकडे हे घडत नाही असे कोणी समजू नये. हरबन्स सिंग प्रकरणात तिघांना एकाच हत्याकांडासाठी, सारख्याच भूमिकेसाठी फाशी झाली होती. एकाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली कमी केली. दुसऱ्याची याचिका मात्र त्याआधीच फेटाळली गेली होती, आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला तो फासावर गेला. तिसरा, हरबन्स सिंग, न्यायालयाच्या दारात पोहोचला तेव्हा सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासमोर हा सगळा हिशेब आला. फेब्रुवारी १९८२ च्या निकालात न्यायालयाने त्याची शिक्षा बदलण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. सारख्या गुन्ह्यासाठी एक माणूस गेला आणि दुसरा राहिला, या गोष्टीने पुण्यात वाढलेल्या त्या न्यायाधीशाला अस्वस्थ केले, आणि सहआरोपींची शिक्षा बदलली आहे का हे फाशीच्या प्रकरणांत निबंधकांनीच तपासून न्यायालयासमोर ठेवावे, अशी व्यवस्था त्यातून सुचवली गेली. रिचमंडच्या तिघांचा हिशेब मांडताना हे प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही.

पुण्याचेच आणखी एक उदाहरण याहून जवळचे आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पौड रस्त्यावरील एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुले मारली गेली. त्यातली एक स्त्री गरोदर होती. ते हत्याकांड पुणेकरांना आजही आठवते आणि आजही अंगावर काटा आणते. त्यातल्या एका आरोपीची फाशी २००० साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली. म्हणजे सगळे दरवाजे रीतसर बंद झाले होते. नंतर राजस्थानातल्या शाळेच्या दप्तरावरून त्याने आपण गुन्ह्याच्या वेळी बालक असल्याचा दावा केला. आपला बाल न्याय कायदा सांगतो की हा दावा कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अंतिमतः निकाली निघाल्यानंतरही, करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवून घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये ठरवले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. या निकालाने अनेकांना वेदना झाल्या, आणि त्या वेदनेला मी चूक म्हणणार नाही. पण आपल्या कायद्याने ते दार उघडे ठेवले नसते, तर बारा वर्षांच्या मुलाच्या कृत्यासाठी आपण फाशी दिली असती आणि ते आपल्याला कधी कळलेही नसते.

अमली पदार्थांच्या भयाखाली केलेल्या कायद्यांना आवर घालण्यातही मुंबईचा वाटा आहे. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठीची सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. जगात अशी सक्ती न्यायालयाने दूर केल्याचे ते पहिलेच उदाहरण होते. प्रत्येक माणसाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची मुभा न्यायाधीशाकडून काढून घेता येणार नाही, हे त्या निकालाचे सार आहे. सिंगापूरने २०२२ च्या एप्रिलमध्ये सुमारे ४३ ग्रॅम हेरॉइन आणणाऱ्या, ६९ बुद्ध्यंकाच्या नागेंद्रन धर्मलिंगम याला फाशी दिली, तेव्हा त्या निकालाची किंमत मला अधिक जाणवली.

राहता राहिला कुटुंबांच्या प्रतीक्षेचा मुद्दा, आणि त्याच्याशी जोडलेली ती भीती की दार उघडे ठेवले तर प्रत्येक कैदी शेवटच्या आठवड्यात नवा तज्ज्ञ उभा करील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच माझी मागणी अमर्याद अपिलांची नाही. वय आणि बौद्धिक अपंगत्व या दोन गोष्टी कायद्याने शिक्षेच्या आड आणलेल्या आहेत, आणि त्या माणसाच्या इच्छेने बदलत नाहीत. अठराव्या वर्षाआधीचे शाळेचे दप्तर तुरुंगात बसून तयार करता येत नाही. या दोन प्रश्नांवर, आजच्या वैद्यकीय निकषांनुसार, साक्षीपुराव्यासह एक पूर्ण सुनावणी झाल्याशिवाय अंमलबजावणीची तारीख ठरवायची नाही, इतकी तरतूद पुरेशी आहे. एकदा ती झाली, निकाल विरुद्ध गेला, की तो प्रश्न संपला. जॉन्सनच्या बाबतीत ही सुनावणी २००२ च्या निकालानंतर लगेच घेतली असती, तर तिला काही आठवडे लागले असते. ती टाळल्यामुळे पुढची अठरा वर्षे अर्ज, प्रतिअर्ज आणि फेरअर्ज यांत गेली. कुटुंबांची वाट कोणामुळे लांबली, याचे उत्तर विरोधकांनी या आकड्यांतून शोधावे.

बायडन यांच्या निर्णयानंतर संघीय मृत्युदंडाच्या रांगेत तीनच माणसे उरली, परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये संघीय मृत्युदंडावरची स्थगिती उठली आणि नव्या प्रकरणांत ही शिक्षा मागण्याचे आदेश सरकारी वकिलांना गेले. म्हणजे ती रांग पुन्हा वाढणार. १९९६ चा कायदा जसाच्या तसा आहे. ज्या व्हर्जिनियात जॉन्सनवर खटला चालला, त्या राज्याने त्याच्या मृत्यूनंतर दहा आठवड्यांनी, २४ मार्च २०२१ रोजी, आपल्यापुरता मृत्युदंड रद्द केला, पण संघीय कायद्यापुढे त्याचा उपयोग नाही.

त्या जानेवारीत जॉन्सनला तुरुंगातच कोविड झाला होता. एका न्यायाधीशाने त्या कारणास्तव अंमलबजावणी पुढे ढकलली, पण वरच्या न्यायालयाने ती स्थगिती उठवली. शेवटच्या निवेदनात त्याने कुटुंबांची क्षमा मागितली, आणि आधीच मागितली असती पण कशी मागायची ते येत नव्हते, असे लिहिले. सात बळींची नावे त्याने एकेक करून दिली आणि ती लक्षात राहावीत असे म्हटले. त्याच कागदावर, पिझ्झा आणि स्ट्रॉबेरी शेक छान होते पण मागितलेले जेली डोनट मात्र मिळाले नाहीत, हे सुधारायला हवे, अशी तक्रारही होती. यावरून त्याच्या बुद्धीचे निदान करण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना तो होता, अशा तज्ज्ञांना १९९३ नंतर कोणत्याही न्यायालयाने साक्षीला बोलावले नाही. त्या रात्री ११ वाजून ३४ मिनिटांनी त्याला मृत घोषित करण्यात आले.